चित्र पुरं झालं हे कोणी ठरवायचं? रुओ विरुद्ध व्होलारचे वारस

पॅरिसमधल्या रू द मार्तिन्याकवर चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार याचं घर होतं. त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची जागा त्याने झॉर्झ रुओ या चित्रकाराला कामासाठी दिली होती. जुलै १९३९ मध्ये व्होलार मोटार अपघातात गेला. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. इस्टेट भावंडांकडे आली. त्यांनी वरच्या जागेला टाळं ठोकलं. आत रुओची आठशेहून अधिक चित्रं होती, जवळजवळ सगळी अर्धवट, एकावरही सही नाही. रुओ तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता आणि स्वतःच्याच चित्रांपर्यंत पोचायला त्याला कोर्टाची पायरी चढावी लागणार होती.

वारसांची बाजू ऐकली तर ती अजिबात खोटी वाटत नाही. पैसे दिले होते, जागा दिली होती, माल घरातच होता. अडचण एवढीच होती की माल तयार होता का, हे सांगू शकणारा माणूस बाहेर उभा होता.

हे प्रकरण फ्रान्समध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात, पण ते रुओच्या हाताच्या सवयी समजल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून थोडं मागे जाऊ.

रुओचा जन्म २७ मे १८७१ चा. पॅरिस कम्यून, म्हणजे शहरातल्या बंडखोरांचं सरकार, चिरडलं जात होतं तो आठवडा. बेलव्हिल भागात तोफा धडाडत असताना आई तळघरात बाळंत झाली. बाप सुतारकाम, पॉलिशकाम करणारा कारागीर. आईचे वडील मात्र व्यंगचित्रकार दोमिएची लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं, जमवणारे, त्यामुळे चित्रं घरात होतीच. चौदाव्या वर्षी पोराला रंगीत काचांच्या कारखान्यात उमेदवारीला घातलं. जुन्या चर्चच्या खिडक्या दुरुस्तीला यायच्या, त्यांचे मध्ययुगीन तुकडे त्याच्या हातातून जायचे. काळ्या शिशाच्या पट्ट्यांनी बांधलेले निळे-लाल तुकडे आणि मागून येणारा उजेड. पुढे त्याच्या चित्रांत जाड काळी रेघ आणि आत कोंडलेला रंग दिसला की समीक्षक हटकून या काचांकडे बोट दाखवतात. बरोबर आहे, पण त्या कारखान्यातून त्याने आणखी एक गोष्ट उचलली असावी असं मला वाटतं: एखादी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहू शकते, ती कधी ‘झाली’ असं म्हणून बाजूला ठेवायची गरज नसते.

नंतर एकोल दे बोझार हे कलाविद्यालय, आणि तिथे गुस्ताव्ह मोरो हा गुरू. मातीस, मार्के, काम्वां हे त्याच गुरूचे चेले, रुओ लाडका. प्री द रोम या मानाच्या पारितोषिकासाठी दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा हात हलवत परत आला. १८९८ मध्ये मोरो वारला. जाताना त्याने राहतं घर आणि आतली सगळी चित्रं संग्रहालय म्हणून सरकारला देऊन ठेवली होती. १९०३ मध्ये ते संग्रहालय उघडलं तेव्हा रुओ त्याचा पहिला अभिरक्षक झाला. पगार बेताचा.

ही नोकरी चरित्रांमध्ये एका ओळीत उरकली जाते, पण या प्रकरणाच्या दृष्टीने तिच्यापाशी थांबायला हवं. मोरोच्या त्या घरात अर्धवट कॅनव्हासांचा ढीग होता. नुसते रंगांचे डाग मांडून ठेवलेले, पुरी न झालेली मोठमोठी पौराणिक दृश्यं. मेलेल्या चित्रकाराचं अपुरं काम भिंतीवर लागलं की लोक त्याकडे कसं बघतात, हे रुओ वर्षानुवर्षं पाहत होता. हात थांबल्यावर कॅनव्हासचं काय होतं हा प्रश्न त्याला वकिलाने पहिल्यांदा विचारलेला नव्हता.

१९०५ च्या ज्या सालों दोतोनमध्ये मातीस आणि मंडळींना ‘फोव्ह’, म्हणजे जंगली श्वापदं, हे नाव पडलं, त्याच प्रदर्शनात वेगळ्या दालनात रुओही होता. त्याच्याकडे त्यांच्यासारखी उजळ बंदरं नव्हती, तर वेश्या होत्या, विदूषक होते, सर्कशीतली थकलेली माणसं होती. कागदावर निळे, मातकट रंग आणि चाबकासारखे फराटे. कडवा कॅथलिक लेखक लेऑं ब्लॉय याला रुओ गुरुस्थानी मानायचा. त्या ब्लॉयनेच त्याला तुझी चित्रं भयंकर आहेत असं कळवून टाकलं. रुओने ते सोसलं आणि चित्रं तशीच काढत राहिला.

याच सुमाराला, १९०७-०८ मध्ये, एका सरकारी वकील मित्रामुळे त्याला पॅरिसच्या सेन विभागाच्या न्यायालयात बसून पाहायला मिळालं. तिथून आले त्याचे न्यायाधीश: लाल झगे, सुजलेले चेहरे, आरोपी कोण आणि न्याय देणारा कोण हे चटकन कळू नये असे. पुढे त्याने सांगितलं की एका माणसाने दुसऱ्याचा निवाडा करावा या कल्पनेनेच त्याला कसंसं व्हायचं, आणि जगातली सगळी दौलत दिली तरी तो न्यायाधीश झाला नसता. चाळीसेक वर्षांनी त्याच न्यायालयापुढे तो दाद मागायला उभा राहणार होता. कोणी कादंबरीत घातलं असतं तर ओढूनताणून आणलंय असं म्हटलं असतं.

आता व्होलार. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरून आलेला, जाडजूड, दुकानात बसल्या बसल्या डुलक्या काढणारा म्हणून प्रसिद्ध. सेझानचं पहिलं एकल प्रदर्शन त्याने १८९५ मध्ये भरवलं, पिकासोला पॅरिसमध्ये १९०१ मध्ये भिंत दिली, मातीसला १९०४ मध्ये. स्वस्तात घ्यायचं आणि दाबून ठेवायचं ही त्याची रीत. १९१३ मध्ये त्याने रुओच्या स्टुडिओत जे होतं ते एकगठ्ठा विकत घेतलं: सुमारे ७७० कामं, जवळपास ४९ हजार फ्रँकला. निवडक नको, सगळं घ्या, असा आग्रह रुओचाच होता. त्यातली बरीच अपुरी होती, म्हणून एक अट पडली: ती सवडीने पुरी करायची मुभा चित्रकाराला राहील. १९१७ पासून व्होलार त्याचा एकमेव विक्रेता झाला. रुओ जे काढेल ते व्होलारचं.

पोटापाण्याची चिंता मिटली हे खरं. चार मुलांचा बाप होता, शेहेचाळिशीत आलेला. पण व्होलारला चित्रांपेक्षाही ग्रंथांचं वेड. मर्यादित प्रती, भारी कागद, मूळ मुद्राचित्रं. त्या पुस्तकांसाठी रुओची दहाएक वर्षं तांब्याच्या पत्र्यांवर गेली. ‘मिझेरेरे’ या मालिकेचंच घ्या. आधी शाईची चित्रं, मग त्यांची रंगीत चित्रं, मग व्होलारने ती छायाचित्राच्या तंत्राने तांब्यावर उतरवून घेतली, आणि त्यावर रुओ अॅसिड, कानस, सुई, हाताला लागेल ते घेऊन पुन्हा तुटून पडला. एकेका पत्र्याच्या दहा-दहा, पंधरा-पंधरा अवस्था. शंभर पत्रे ठरले होते, ५८ झाले. १९२७ पर्यंत काम संपलं, छपाई झाली, आणि व्होलारने गठ्ठे तसेच ठेवून दिले. मालिका लोकांसमोर आली ती १९४८ मध्ये, व्होलार जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

रंगकामाची तऱ्हाही तीच. तीसच्या दशकात तो चित्र आडवं टाकून काम करायचा, ईझलवर नाही. बहुतेक कामं कागदावर, नंतर कॅनव्हासवर चिकटवलेली. थरावर थर, वाळलं की खरवड, पुन्हा थर. रंग बोटभर उठून येईपर्यंत. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातला ‘म्हातारा राजा’ पाहिला तर त्याखाली तारीख सापडते १९१६ ते १९३६. वीस वर्षं एका चेहऱ्यापाशी. एका वेळी अशी शेकडो चित्रं चालू. कोणतं कधी होईल हे त्याला स्वतःला ठाऊक नसायचं, आणि सही ही त्याच्या दृष्टीने चित्र हातावेगळं केल्याची खूण होती.

आपल्याकडच्या वाचकाला हा जाड काळ्या रेघेचा, काटेरी ख्रिस्ताचा चित्रकार अगदीच परका वाटणार नाही. साळगावात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे.मधून काढून टाकलेला चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा याच्या क्रूसावरच्या ख्रिस्ताबद्दल लिहिताना समीक्षक रुओचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. सूझाच्या रेघेत राग जास्त आहे, रुओच्या रेघेत कणव.

तर टाळं. पाठोपाठ युद्ध आलं. रुओ पॅरिस सोडून पुढे दक्षिणेला गोल्फ-जुआंला जाऊन राहिला. व्होलारचा अफाट साठा इकडेतिकडे पांगत होता. न्यूयॉर्कला निघालेला एक मोठा हिस्सा १९४० मध्ये ब्रिटिशांनी बर्म्युडात जहाजावरून उतरवून घेतला आणि तो युद्ध संपेपर्यंत कॅनडात पडून राहिला. रुओची काही अपुरी चित्रंही बाजारात पोचली. आपण ‘झालं’ म्हटलेलं नाही ते चित्र अनोळखी भिंतीवर लागणार, त्याखाली आपलं नाव येणार. त्याचा खरा संताप यावर होता. त्याने दावा लावला.

फ्रेंच नागरी संहितेचं कलम १५८३ वारसांच्या बाजूचं दिसतं. वस्तू ठरली, किंमत ठरली, की विक्री पुरी. वस्तू हातात पडली नसली तरी मालकी बदलते. गाय ठरली, पैसे ठरले, गाय अजून विकणाऱ्याच्या गोठ्यात आहे, तरी ती घेणाऱ्याची. इथे तर गाय घेणाऱ्याच्याच गोठ्यात होती! मग रुओला कशाच्या जोरावर मागता येत होतं?

त्याच्या बाजूने दोन जुने निकाल होते. पहिला व्हिसलरचा. या अमेरिकन चित्रकाराने पॅरिसमध्ये लेडी ईडनचं व्यक्तिचित्र केलं. नवऱ्याने, सर विल्यम ईडनने, व्हॅलेंटाइनच्या दिवशी शंभर गिनींचा चेक पाकिटात घालून दिला. व्हिसलरला ती रक्कम अपमान वाटली. त्याने चेक वटवला, चित्र प्रदर्शनात लावलं, आणि मग द्यायला नकार देऊन लेडी ईडनच्या चेहऱ्यावर दुसरीच बाई रंगवली. प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०० मध्ये निकाल आला: पैसे परत करा, नुकसानभरपाई द्या, पण चित्रकाराला चित्र देण्याची सक्ती करता येणार नाही. त्याने ते हवाली करेपर्यंत ते त्याचंच.

दुसरा निकाल काम्वांचा, म्हणजे रुओच्याच गुरुबंधूचा, आणि तो मला सर्वांत आवडतो. १९१४ मध्ये शार्ल काम्वांने मनासारखे न झालेले कॅनव्हास फाडून कचऱ्यात टाकले. भंगारवाल्याने ते उचलले, तुकडे जोडले गेले, बाजारात फिरले. त्यांतले काही फ्रान्सिस कार्को या लेखकाकडे पोचले आणि १९२५ मध्ये लिलावाला निघाले. काम्वां कोर्टात गेला. कार्कोचं म्हणणं साहजिक होतं: टाकून दिलंस ना, मग आता तुझं काय? १९३१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की फाटकं कापड उचलणाऱ्याचं झालं असेल, पण ते चित्र म्हणून लोकांपुढे आणायचं की नाही हा हक्क चित्रकाराने कचऱ्यात टाकलेला नाही.

पण रुओचा मामला या दोघांपेक्षा बिकट होता. व्हिसलरने चित्र स्वतःपाशी ठेवलं होतं. काम्वांने एक पैसाही घेतलेला नव्हता. रुओने पैसे घेतले होते, चित्रं परक्या घरात होती, आणि करार एका चित्राचा नव्हता तर पुढे होणाऱ्या सगळ्या चित्रांचा. त्याच्याकडे एकच मुद्दा होता, जो इतर कुठल्याही धंद्यात दुबळेपणा ठरला असता: मी काम पुरं केलेलं नाही.

त्याच मुद्द्यावर तो जिंकला. सेनच्या दिवाणी न्यायालयाने १९४६ मध्ये आणि पॅरिसच्या अपील न्यायालयाने मार्च १९४७ मध्ये जे म्हटलं त्याचा आशय असा: हा व्यवहार अजून अस्तित्वात न आलेल्या वस्तूच्या विक्रीचा आहे. चित्रकाराने चित्र पुरं करून हवाली करेपर्यंत ती वस्तू जन्मलीच नाही, मग मालकी जाणार कशी? तोवर चित्रकार आपल्या कृतीचा मालक राहतो. ती सुधारेल, बदलेल, किंवा आपल्याला साजेशी होईल ही आशा उरली नाही तर अर्धवट सोडून देईल. आठशेवर कामांपैकी सुमारे सातशे परत मिळाली. शंभराच्या वर आधीच विकली गेली होती, ती गेली ती गेलीच.

निकालाचं कौतुक करताना व्होलारला खलनायक करायची लिहिणाऱ्यांना सवय आहे. ते मला पटत नाही. जो माणूस वीस-वीस वर्षं चित्र सोडत नाही त्याला पगारासारखे पैसे देत राहणारा दुसरा कोण मिळाला असता? दोष असेल तर कराराच्या ढिसाळपणाचा. ‘सवडीने’ या शब्दाला दोघांनीही तारीख लावली नाही. दोघे हयात असेपर्यंत ते चाललं, कारण दोघांनाही चित्र लवकर संपावं अशी घाई नव्हती. एकाला साठवायचं होतं, दुसऱ्याला रंगवत राहायचं होतं.

आणि निकालातही एक फट आहेच. ‘पुरं झालं’ हे ठरवणं सर्वस्वी चित्रकाराच्या मर्जीवर असेल तर आगाऊ पैसे देणाऱ्याला संरक्षण काय? व्हिसलरच्या निकालात उत्तर होतं: चित्र नाही, पण पैसे आणि भरपाई. म्हणजे न्यायालय कलावंताला मोकळं सोडत नाही, त्याच्याकडून फक्त वस्तू हिसकावत नाही. ११ मार्च १९५७ च्या फ्रेंच कायद्याने हे सगळं कलमांत बांधलं. कृती केव्हा आणि कशी लोकांपुढे आणायची हा लेखक-चित्रकाराचा हक्क झाला, आणि दिलेली कृती मागे घ्यायची असेल तर आधी भरपाई मोजायची.

भारतातही कॉपीराइट कायदा १९५७ चाच. त्याचं कलम ५७ कलावंताला नाव सांगायचा आणि कृतीची मोडतोड रोखायचा हक्क देतं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनातून काढून अडगळीत टाकलेल्या आपल्या भित्तिशिल्पासाठी त्याच कलमाखाली लढून २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ते परत मिळवलं. पण ‘माझं चित्र अजून झालेलं नाही, म्हणून ते बाहेर जाणार नाही’ हे म्हणायची सोय त्या कलमात फ्रेंच कायद्याइतकी स्पष्ट लिहिलेली नाही. स्टुडिओतून उधारीवर, तोंडी बोलीवर चित्रं उचलू देणाऱ्या आपल्याकडच्या तरुण चित्रकारांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

चित्रं परत आली तेव्हा रुओ पंचाहत्तरीचा होता. सातशे अपुरी कामं आणि एक म्हातारा हात. गणित त्याला समजत होतं. यातली सगळी या जन्मात होणार नाहीत, आणि जी राहतील ती कोणीतरी एक दिवस विकेल. न्यायालयात त्याने मांडलं होतं की अपुरं चित्र माझ्या नावाने बाहेर जाऊ नये. आता तो शब्द पाळायची पाळी त्याचीच होती.

५ नोव्हेंबर १९४८ ला त्याने ३१५ चित्रं भट्टीत घातली. बेलिफाला, म्हणजे कोर्टाच्या अंमलदाराला, बोलावून, रीतसर, साक्षीने. म्हणजे पुढे कोणी ‘हेही त्याचंच’ म्हणत जळालेल्यातलं एखादं घेऊन उभा राहू नये. व्होलारच्या वारसांनी तेव्हा काय म्हटलं असेल याची मला फार उत्सुकता आहे. कारण बाजाराच्या भाषेत बोलायचं तर ज्या मालासाठी दोन न्यायालयांत भांडण झालं, त्याचा जवळपास निम्मा हिस्सा जिंकणाऱ्याने स्वतः जाळला. पण दावा मालासाठी नव्हताच. चित्र ठेवायचं की नाही हे मी ठरवीन, एवढंच मागितलं होतं, आणि ठरवणं म्हणजे कधी कधी भट्टी. त्या ३१५ मध्ये काय होतं कोण जाणे. एखादा विदूषक, एखादा न्यायाधीश असणारच. वाचताना हळहळ वाटते, मलाही वाटली. पण ती हळहळ थोडी तपासली तर तिच्यात वारसांचाच सूर ऐकू येतो.

उरलेल्यांतली काही त्याने पुढच्या वर्षांत पुरी केली. शेवटच्या चित्रांत पिवळे-हिरवे रंग उजळले, काळी रेघ सैलावली. आल्प्समधल्या असीच्या चर्चसाठी त्याच्या चित्रांवरून रंगीत काचा झाल्या, म्हणजे उमेदवारीच्या पोराचं वर्तुळ तिथे येऊन मिळालं. १३ फेब्रुवारी १९५८ ला तो वारला. सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला.

स्टुडिओत अजूनही अपुरी चित्रं होती. १९५७ च्या कायद्याने कृती लोकांपुढे आणायची की नाही हा हक्क कलावंतामागे त्याच्या कुटुंबाकडे जातो. रुओच्या बायकोने आणि मुलांनी तो वापरला: १९६३ मध्ये सुमारे नऊशे अपुरी कामं त्यांनी फ्रेंच सरकारला दिली, आणि पुढच्याच वर्षी ती लूव्ह्‌रमध्ये लोकांसाठी मांडली गेली. सही नसलेली.